रस्त्याची सवय

गिरणीवाले काका दळणाचं पीठ चिमटीत घेऊन बघतात आणि मगच डबा देतात. देताना हटकून विचारतात, "लेकरू शिकतंय ना बराबर?" शाळा समितीत त्यांचाच शब्द चालतो. गावच्या हायस्कुलात जागा पुरेना, तेव्हा कुठल्या वस्तीनं हायवेपलीकडच्या शाळेत जायचं यावरून ग्रामसभेत भांडण पेटलं. काका शांतपणे म्हणाले, "बौद्धवाड्यातली लेकरं जातील तिकडं. रस्त्याची सवय व्हते."

काल ते हायवेच्या कडेला शेळीचं दावं मुठीला गुंडाळून उभे होते. समोर आमच्या वाड्यातली पोरं दप्तरं सावरत, पळत रस्ता ओलांडत होती. मला पाहून काका आपुलकीनं म्हणाले, "शेळीला एकटं सोडत न्हाई मी. ट्रकवाले बघत न्हाईत."