हातावरचं दही

बाई आधी वास घ्यायच्या. नाडी नंतर, रिपोर्ट नंतर. पेशंटच्या तोंडाशी नाक न्यायचं आणि डोळे मिटून एक श्वास ओढायचा. "घरचे काहीही सांगतात," म्हणायच्या, "तोंड खरं सांगतं."

ज्याच्यावर आपला राग आहे आणि ज्याच्यावाचून आपलं अडतं, असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. माझ्यासाठी त्या तशा होत्या. इंदिरानगरात राहणाऱ्या भुलीच्या डॉक्टर. नव्वदच्या दशकात स्कूटरला काळी बॅग अडकवून नाशिकभर एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरत. मी तिथंच द्वारका चौकाजवळ जुन्या टायरांचा धंदा शून्यातून उभा केला. समोरचा कुठवर नमणार, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळतं. या बाईंचं कधी कळलं नाही.

माझी धाकटी बहीण शकू. वयानं तिशीची, समज लहान पोरीची, बोलणं नाही. तिची दाढ दुखतेय हे आम्हाला कळलं, तेव्हा ती भिंतीवर गाल आपटत होती. जेवण बंद. दातांच्या डॉक्टरनं आरसा पुढे केला की ती चावायची. एकानं सांगितलं, "चौघांनी धरा, ओढून काढतो." त्याला मी काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. दुसरा भला होता. म्हणाला, पूर्ण भूल देऊनच करावं लागेल, आणि अशा पेशंटला भूल द्यायला तयार होतील तर त्या बाईच. म्हणजे बाजारात एकच दुकान. घासाघीस करायला जागाच नाही. अशा ठिकाणी माझा जीव कोंडतो.

बाईंनी आधी शकूला नुसतं ऑपरेशनची खोली बघायला बोलावलं. मी तिला स्कूटरवर बसवून नेलं. मला म्हणाल्या, "टेबलावर झोपा."

"मी? दाढ तिची दुखतेय."

"तिला तुमचं पाहायचंय. झोपा."

माझ्या नाकातोंडावर मास्क ठेवला आणि म्हणाल्या, "बघ शकू, तुझा भाऊ गप्प बसला." शकू हसली. कित्येक दिवसांनी. मग तिनं मास्क ओढून घेतला आणि स्वतःच्या तोंडाला लावून पाहिला.

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही हजर. शकू रात्रीपासून उपाशी, तसं मी छातीठोकपणे सांगितलं. बाईंनी वास घेतला.

"दही कुणी दिलं?"

आई सटाण्याकडची. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही. "निघताना हातावर ठेवलं ना. कामाला निघालं माणूस, दही-साखर नको का? ते काय खाणं शे का?"

बाईंनी हातमोजे काढून ठेवले. "आज नाही."

"अहो मॅडम, एक चमचा!"

"भुलीत उलटी झाली तर तोच चमचा फुप्फुसात जातो."

"मग दुपारी करा."

"दुपारी टेबल दुसऱ्यांचं आहे."

"थोडी कमी भूल द्या."

"टायर आहे का तो, हवा कमी भरायला?"

मी खूप ओरडलो. त्या बॅग आवरत राहिल्या. पुढच्या आठवड्याची वेळ मिळाली आणि तो आठवडा शकूनं भिंतीशी काढला. गाल काळानिळा झाला. बाईंचं बरोबर होतं, हे मला कुणी समजावू नये; मला समजतं. पण ती भिंत त्यांच्या घरात नव्हती. तो राग अजून आहे.

दुसऱ्या खेपेला आईला स्वयंपाकघरात जाऊच दिलं नाही. शकूनं मास्क आपणहून लावला. बाई दाताच्या डॉक्टरला म्हणाल्या, "सगळं तोंड तपासून घ्या. हिला पुन्हा पुन्हा झोपवायची नाही." काम झाल्यावर त्याला निघायची घाई.

"मॅडम, मी जाऊ?"

"ती उठू दे. झोपवून काय, कुणीही जाईल."

शकूनं डोळे उघडले, मला ओळखलं, माझी कॉलर धरली. तेव्हा बाई स्टुलावरून उठल्या. रात्री शकूनं वरणभात खाल्ला. मी आभार मानले नाहीत. त्यांनीही वाट पाहिली नाही.

पुढे काही वर्षांनी शकूची दुसऱ्या बाजूची दाढ ठणकू लागली. मी थेट इंदिरानगर गाठलं. बाई थकल्या होत्या. पाण्याचा पेला पुढे केला तो हिंदकळला.

"तुम्ही नुसत्या शेजारी उभ्या राहा," मी म्हणालो. "औषध दुसरा देईल."

"तो दुसरा कोण?"

"तुम्ही हो म्हणा, मी शोधतो."

"शकूवर हे हात चालवणार नाही मी," त्या म्हणाल्या. मी भाव वाढवला, विनवलं, चिडलो. त्या नमल्या नाहीत. त्या पावसाळ्यानंतर गेल्याच.

मोठ्या दवाखान्यात म्हणतात, अशी केस आम्ही घेत नाही, मुंबईला न्या. मुंबईवाले म्हणतात, कळवू. दुखणं थांबवायच्या गोळ्या चालू आहेत. सकाळी मी स्कूटरची किल्ली उचलली की शकू गाल धरून येते, चपला घालते आणि दारात उभी राहते. मी किल्ली परत खुंटीला लावतो. ती चपला काढत नाही.