बैठकीच्या भिंतीवरचे राघू

लग्न होऊन मी अणदूरहून मुरुमला आले तेव्हा रुखवतात माझ्या चार तसबिरी होत्या. दसुतीच्या कापडावर रेशमी दोऱ्यानं भरलेल्या. एक मोर, एक हरणांची जोडी, एक कमळाचं तळं आणि वेलबुट्टीत बसवलेली 'सुस्वागतम' ही अक्षरं. आईनं आणि मी दोन उन्हाळे त्यात घालवले होते. काचा आणि चौकटी सोलापूरहून बसवून आणल्या होत्या. बैलगाडीत कडब्यात घालून त्या आणल्या आणि एकही काच तडकली नाही, याचंच सगळ्यांना जास्त कौतुक वाटलं.

मी दुसरेपणाची होते. माझ्या नवऱ्याची पहिली बायको लग्नानंतर दीड वर्षात तापानं गेली होती. हे आम्हांला आधी सांगितलेलं होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

मुरुमच्या पेठेत सासऱ्यांचं कापडाचं दुकान होतं. दुकानामागं बैठक आणि त्यामागं घर. राज्य निजामाचं, त्यामुळे बैठकीत दारासमोरच्या भिंतीवर मधोमध हुजुरांची तसबीर होती. ती हलवायचा प्रश्नच नव्हता. तिच्या डाव्या बाजूला लाल कापडावर भरलेले दोन हिरवे राघू होते. ते पहिलीनं भरून रुखवतात आणले होते. बाकी भिंत मोकळी होती.

चौथ्या दिवशी सासऱ्यांनी सुताराला बोलावलं. पांढऱ्या मातीच्या भिंतीत नुसता खिळा ठरत नाही. आधी भोक पाडून लाकडाचा गुटका ठोकायचा आणि मग त्यात खिळा. तसबीर वरून दोरीनं अडकवून खालची कड दोन खिळ्यांवर टेकवायची, म्हणजे ती पुढं झुकते आणि खाली बसलेल्या माणसाला नीट दिसते. मागं जी फट राहते तिच्यात चिमण्या घर करतात, त्याला इलाज नसतो.

मी माजघराच्या दारामागून बघत होते. सुतारानं दोन्हीकडं दोन-दोन जागा आखल्या आणि राघूंकडं बोट करून विचारलं, "आन ह्ये ओ?"

सासरे म्हणाले, "ते आत ठिवा. नव्या सुनेचं काम हाय, चार माणसं येत्यात, दिसू द्या की."

मला बरं वाटलं. पंधरा वर्षांची होते मी. राघू ज्वारीच्या कोठीत गेले, भिंतीला टेकून, तोंड आत करून.

सुगी झाल्यावर पहिलीची आई माकणीहून आली. दरवर्षी ती अशी येते, एक दिवस राहते, हे मला सासूबाईंनी आदल्या दिवशी सांगितलं. उंच, काळीसावळी, विधवा बाई. तिला ती एकच मुलगी होती. बैठकीत कुणी पुरुषमाणूस नव्हतं म्हणून ती तिथंच टेकली. मी पाणी घेऊन गेले. ती भिंतीकडं बघत होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिनं सगळं बघितलं.

"ह्ये कुणी भरलंय?"

"म्या," मी म्हणाले.

"हात चांगला हाय तुझा."

त्यानंतर ती जेवली, दुकानातून आत आलेल्या जावयाची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, चौकशी केली. सकाळी निघताना ती सासूबाईंशी कानडीत बोलली. मला कानडी अर्धीच कळायची, पण एवढं कळलं की राघू लावायचे नसले तर मी घेऊन जाते, असं ती म्हणत होती. सासूबाई म्हणाल्या की लेकीला दिलेली वस्तू परत नेत नाहीत, घराला बरं नसतं. त्या रागानं बोलल्या नाहीत. रीत होती ती त्यांनी सांगितली. म्हातारीनंही मान हलवली आणि गाडीत बसली.

पुढं पावसाळ्यात माळवद गळलं आणि कोठीत ओल आली. ज्वारी हलवताना मला ती चौकट सापडली. मागच्या फळीला वाळवी लागली होती. कापड वाचवायचं म्हणून मी चुका, म्हणजे बारीक खिळे, काढून फळी उचकटली, तर राघूंची मागची बाजू समोर आली.

भरतकाम करणारी बाई दुसरीचं काम उलटं करून बघते. समोरून सगळ्यांचंच बरं दिसतं. माझ्या मोराच्या मागं गाठी होत्या, एका रंगावरून दुसऱ्या रंगावर गेलेले लांब दोरे होते, गुंता होता. हिच्या राघूंच्या मागं एक गाठ नव्हती. मागूनही राघूच दिसत होते, फक्त तोंडं दुसरीकडं केलेले. मी बराच वेळ ते हातात धरून बसले. वाईट वाटलं असं नाही म्हणता येणार. ती माझ्यापेक्षा सरस होती, एवढंच मला स्वच्छ कळलं, आणि सरस काम कोठीत आणि साधं काम बैठकीत हे मला पटेना.

दुपारी पुरुष दुकानात असताना मी स्टूल लावलं, माझं 'सुस्वागतम' काढलं आणि तिथं राघू लावले. फळीऐवजी जाड पुठ्ठा घातला होता.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "कुणाला इचारलंस?"

"न्हाई इचारलं."

"मामंजी बघतील."

"बघू द्या."

सासऱ्यांनी संध्याकाळी बघितलं. म्हणाले, "उजवी बाजू खाली आलीय." मग स्वतःच दोरी सारखी केली. जेवताना नवरा म्हणाला, "ती बोलायची न्हाई फार. शिवतच बसायची." तिच्याविषयी तो माझ्याशी बोलला ते एवढंच.

पुढच्या सुगीला म्हातारी आली नाही. त्या वर्षी रस्ते धड नव्हते. रझाकारांच्या भीतीनं पेठेतली निम्मी दुकानं बंद होती, लोक बायका-पोरं सोलापूरकडं पाठवत होते. आम्हीही चार महिने तिकडं नातेवाइकांकडं काढले. परत आलो तेव्हा निजामाचं राज्य गेलेलं होतं. हुजुरांची तसबीर सासऱ्यांनी आल्या आल्या खाली घेतली. तिच्यामागची चुन्याची चौकोनी जागा पांढरीशुभ्र राहिली होती. तिथं काय लावायचं यावर घरात दोन महिने बोलणं चाललं. सासऱ्यांना देव हवे होते, नवऱ्याला आरसा. जागा रिकामीच होती.

तेवढ्यात म्हातारी आली. वाळली होती. बैठकीत टेकली आणि वर बघितलं. मी तयारच होते. म्हणाले, "मावशी, राघू तुम्हांला न्यायचे असले तर न्या. रीतीचं मी बघून घेते. मी बोलते सासूबाईंशी."

ती म्हणाली, "न्हाय गं. माझ्या घरी नेलं तर मीच एकली बघणार. हितं येणारी-जाणारी बघत्यात. राहू दे."

मी तिला सांगितलं की मी ते उलटं करून बघितलंय. तेव्हा पहिल्यांदा ती माझ्याकडं नीट बघून हसली. "म्याच शिकवलं तिला," ती म्हणाली. "आण सुई."

त्या वेळी ती तीन दिवस राहिली. गाठ न मारता दोरा टाक्याखालून परत फिरवून कसा संपवायचा, ते तिनं मला शिकवलं. माझा दोरा पुन्हा पुन्हा सुटायचा. ती चिडायची नाही, उसवायची आणि परत माझ्या हातात द्यायची. सासूबाई शेजारी बसून शेंगा फोडत होत्या. मधोमधच्या रिकाम्या जागेकडं बघून म्हातारीच त्यांना म्हणाली, "आरसाच लावा. पोरीबाळी येत्यात, कुंकू सारखं करतील."

आठवड्याभरात सुतार आला आणि आरसा लागला.