आम्ही मुहूर्त मानत नाही

आबांवर माझा राग होता, आणि तो मी चांगला वर्षभर जपून ठेवला होता. आबा म्हणजे धुळ्यातल्या आमच्या चर्चच्या मंडळीचे मुख्य पंच. आदल्या वर्षी मेळाव्याच्या तयारीची वही मी भर सभेत उघडली. मंडप कोणाचा, पाणी कुठून, खेड्यांवरची माणसं कशी येणार, सगळं लिहून नेलं होतं. आबांनी ती मिटून माझ्या हातात दिली. म्हणाले, “बाई, देवाला तुझ्या वहीची गरज नाही.” सगळे हसले, माझा नवरासुद्धा. कामाला हात घालण्याआधी बसून विचार करावा, हे खुद्द प्रभूनंच शिकवलंय, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण वही पिशवीत कोंबली. मनात म्हटलं, थांबा, तुमची जिरवतेच.

यंदा आबांनी मेळाव्याची तारीख चिठ्ठ्या टाकून काढली. प्रार्थना करून डब्यात हात घातला, मे महिन्यातला एक गुरुवार निघाला. घरी येऊन कॅलेंडर बघते तर काय, लग्नाची दाट तिथ! आम्ही ख्रिस्ती, मुहूर्त मानत नाही, म्हणून एकाही पंचाच्या डोक्यात ते आलं नाही. पण आचारी मानतो, मंडपवाला मानतो आणि माणसं आणणारा क्रूझरवाला तर मानतोच मानतो. मी अवाक्षर काढलं नाही. उलट दोंडाईच्याकडच्या खेड्यांत फोन लावून एकेकाला आग्रह केला, याच म्हणून. माणसं जितकी जास्त, तितकी आबांची फजिती मोठी.

झालीही तशीच. आबांनी दोन दिवस आधी फोन फिरवले, तर अख्ख्या धुळ्यात ना आचारी मिळाला ना मंडप. मेळाव्याला आलेली माणसं आवारात डोक्यावर पदर-रुमाल घेऊन उन्हात बसली. पाण्याचे जार अकरालाच संपले. आबा घामाघूम होऊन माझ्याकडे आले, आता कसं करायचं विचारू लागले. वही घरी राहिली, आबा, असं म्हणून मी तोंड फिरवलं. खोटं कशाला बोलू, जिवाला अस्सं गार वाटलं.

दुपारी एक म्हातारी अक्का चक्कर येऊन पडली. तिलाही मीच फोन केला होता. गाडी मिळेना, म्हणून ती गावापासून फाट्यापर्यंत चालत आली होती. सिव्हिलमध्ये सलाइन लावलं, मी उशाशी बसले. तासाभरानं तिनं डोळे उघडले. आधी म्हणाली, आबांना कोणी बोल लावू नका. मग माझा हात धरला.

“माय, आज बठ्ठीकडे, गावेगाव लगनं शेतस, हे तुले माहीत व्हतं का?”

“नाही, अक्का.”

“तेच म्हनस मी,” ती म्हणाली. “तुले माहीत राहतं, तर तू सांगीच देती.”