दोन परस पाणी

सरपंच माइकवर म्हणाले, "असा कर्मचारी पायजे बगा. सव्वा वर्ष झालं, आमच्या बारवंत एकदा बी उतरला न्हाई. वरनंच काम केलं. आपलं आपण समजून असलेला माणूस."

सभागृह हसलं. फार मोठ्यानं नाही. पंगतीत कुणी चांगली कोटी केली की हसतात, तेवढंच. मंचावरचे साहेबही हसले. मग टाळ्या झाल्या.

मी मंचाच्या कडेला उभा होतो. पुढचं नाव माझंच होतं. उत्कृष्ट आरोग्य कर्मचारी. टेबलावर शाल, नारळ आणि प्रमाणपत्र. जिल्हा नवा होता, छापील कागद अजून जुन्या जिल्ह्याचे होते. जुनं नाव शाईनं खोडून वर 'लातूर' लिहिलं होतं.

तिसऱ्या रांगेत माझा बा बसला होता. चुलत्याचा सदरा घालून आला होता. तोही टाळ्या वाजवत होता. त्याला वाटलं, पोराचं कौतुक चाललंय.

कौतुकच चाललं होतं.

आमच्या घरात मी पहिला पदवीधर. बानं खडी फोडून शिकवलं. शाळेतल्या एका गुरुजींनी फॉर्मचे पैसे भरले. वसतिगृहानं जेवायला घातलं, सरकारनं नोकरी दिली. मी सगळ्यांचा आभारी होतो. ऑफिसात बसायला सांगणाऱ्या शिपायाचाही आभारी होतो. आभार मानायची इतकी सवय लागली होती की मान खाली घालणं आणि आभार मानणं, यातला फरक मला कळेनासा झाला होता.

माझं काम नारूचं. नारू म्हणजे अंगात वाढणारा दोऱ्यासारखा लांब किडा. ज्या बारवेत माणसं पायऱ्यांनी पाण्यात उतरतात, तिथल्या पाण्यातून तो पोटात जातो आणि वर्षभरानं पायातून बाहेर येतो. म्हणून दर महिन्याला बारवेत औषध टाकायचं. किती टाकायचं हे पाण्यावर ठरतं. लांबी, रुंदी, खोली मोजायची. त्यासाठी खाली उतरावं लागतं.

चाकूरच्या बाजूच्या त्या गावात पहिल्यांदा गेलो तेव्हा सरपंच ओट्यावर होते.

"या डॉक्टर, बसा. च्या घेणार का?" मग म्हणाले, "कुठलं गाव म्हणलाव?"

मी गाव सांगितलं.

"आडनाव?"

आडनाव सांगितलं. ते थोडा वेळ माझ्या पिशवीकडे बघत राहिले. चहा आला नाही.

"बाटली हितंच ठिव. आमचा गडी टाकील."

डॉक्टरचा 'तू' झाला होता. मधे दोनच प्रश्न होते.

"पाणी मोजावं लागतं," मी म्हणालो.

"दोन परस हाय. लिव की."

परस म्हणजे हात वर केलेल्या माणसाएवढी खोली. माझ्या पिशवीत सरकारचा आदेश होता. तो मी काढला नाही. बाटली ओट्यावर ठेवली. रजिस्टर उघडून लिहिलं: पाणी मोजले. खोली दोन परस. औषध टाकले. खाली सही.

पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्याही महिन्यात. मी मनाला सांगायचो, औषध पाण्यात पडल्याशी मतलब. कुणाच्या हातानं का पडेना. हा विचार मला शहाणपणाचा वाटायचा.

मग पाऊस गेला. उन्हाळ्यात बारवेच्या तळाशी बाया वाटीनं पाणी खरवडत होत्या. एक घागर भरायला सकाळ जायची. तेव्हाही माझ्या रजिस्टरात दोन परस पाणी होतं. ते रजिस्टर तालुक्याला गेलं, जिल्ह्याला गेलं. कुणी विचारलं नाही. अक्षर चांगलं होतं. रुग्णांच्या रकान्यात वर्षभर शून्य होतं. त्या शून्यावरच माझी निवड झाली.

वस्तीत गयाबाई राहायची. आमच्यातलीच. नवरा नाही, मूलबाळ नाही. त्या गावात गेलो की मी तिच्या घरी भाकरी खायचो. वस्तीतल्या बायांनाही बारवेत उतरू देत नव्हते. त्या वर घागरी घेऊन बसायच्या. कुणाला वाटलं तर पोहरा ओतायचं. ती म्हणायची, "भाऊ, आपण दोघं बी काठावरचेच की." आणि हसायची. मीही हसायचो.

एक दिवस तिनं लुगडं जरा वर करून नडगी दाखवली. फोड फुटला होता. आत पांढरं टोक हलत होतं.

"भाऊ, औषध तुमीच टाकता न्हवं?"

"टाकतो," मी म्हणालो.

हा शब्द मला अजून ऐकू येतो. माझ्याच आवाजात.

तिथून निघालो तो गड्याला विचारायला सरपंचाच्या गोठ्यात गेलो. खुंटीला माझ्या बाटल्या टांगलेल्या. त्यात रॉकेल.

गडी म्हणाला, "पाण्याला वास येतो म्हणून मालक नको म्हणले. बाटल्या चांगल्या हायत, फेकू कशाला?"

"औषध कुठं टाकलं?"

"उकिरड्यावर."

सायकल काढली आणि आमच्या साहेबांकडे गेलो. ते पर्यवेक्षक होते. माझ्याशी कधी वाईट वागले नव्हते. त्यांना म्हटलं, "रुग्ण निघालाय. रजिस्टरात चढवायचा आहे. बाईला जीपनं केंद्रावर न्यायला पाहिजे."

त्यांनी दार लावून घेतलं. "तुझं नाव सत्काराला गेलंय. तुमच्या लोकांतला तू एकटा आहेस यादीत. आत्ता रुग्ण दाखवला तर सगळ्यांचीच मान खाली जाईल. पुढच्या महिन्यात चढव. तुझ्या भल्याचं सांगतोय."

"आभारी आहे साहेब," मी म्हणालो.

रुग्ण रजिस्टरात नाही म्हणजे जीप नाही, केंद्रावरचा मलमपट्टीवाला नाही. मीच एक दिवसाआड सायकलवर जायचो. नारू काडीला गुंडाळायचा असतो. दर खेपेला दोन बोटं. ओढायचा नाही. तुटला की आत कुजतो. गयाबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. पायाला काडी बांधून. मी म्हणायचो, बसून राहा. ती म्हणायची, "बसल्यावर खाऊ काय?"

सत्काराच्या आधी अहवाल तयार करायला साहेबांनी मला लातूरला बोलावलं. आठ दिवस. माझं अक्षर सुबक म्हणून. मी बसून सगळ्यांचे अहवाल लिहिले. माझाही लिहिला. आदल्या दिवशी सुटलो आणि थेट तिच्या घरी गेलो. पाय गुडघ्यापर्यंत सुजून काळा-निळा पडला होता. खडीवर काडी अडकली, नारू आतच तुटला होता. घरात वास होता.

मी पायाजवळ बसलो.

ती म्हणाली, "जा भाऊ. उद्या तुमचं हाय ना लातूरला."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी शेजारच्या बैलगाडीनं तिला चाकूरला दवाखान्यात पोचवलं. तिथंही केसपेपरवर 'पायाची जखम' एवढंच लिहिलं गेलं. ते मी उभा राहून वाचलं.

आणि दुसऱ्या दिवशी, मंचावर, सरपंच म्हणाले की आपलं आपण समजून असलेला माणूस.

माझं नाव पुकारलं. मी वर गेलो. मोठ्या साहेबांनी शाल उघडली. मी मागं सरकलो. त्यांना वाटलं मी लाजतोय. ते हसून पुढं आले. मी बाजूनं माइककडे गेलो. जे बोललो ते एवढंच:

"हा सत्कार मी घेत नाही. पाणी मी कधी मोजलं नाही. यांनी मला उतरू दिलं नाही, आणि मीही उतरलो नाही. औषध उकिरड्यावर गेलं. रजिस्टर खोटं आहे आणि सही माझी आहे. गयाबाई नावाची बाई नारूनं पाय सुजून दवाखान्यात पडली आहे. तिचं नाव लिहून घ्या."

मग माइक बंद झाला.

सरपंच शांतपणे म्हणाले, "शिकवलं की हे असं होतंय बगा."

बाहेर बा भेटला. त्यानं विचारलं, "नौकरी गेली का?"

"जाईल."

"पंधरा साल खडी फोडली म्या. बोलायचंच हुतं तर पैल्याच दिवशी बोलायचं. त्या बाईचा पाय तरी नीट राहिला असता."

बसमध्ये तो दुसऱ्या बाकावर जाऊन बसला. तो बरोबर होता. मी धाडस केलं असं कुणी म्हटलं की मला त्याची पाठ दिसते.

नंतर आमच्या साहेबांनी एक कागद पुढं केला. तब्येत बरी नव्हती, बोलण्याच्या भरात बोललो, असं लिहून दे, मी मिटवतो. मी लिहिलं नाही. निलंबन झालं. चौकशीत माझं रजिस्टर खोटं ठरलं, ते खोटंच होतं. उतरू कुणी दिलं नाही, हा प्रश्न चौकशीत नव्हता. पुढं कामावर घेतलं, वेतनवाढ तोडली आणि उदगीरच्या पलीकडं, देगलूरच्या वाटेवर टाकलं.

जायच्या आधी गयाबाईला भेटलो. गुडघा आखडला होता. पाय सरळच राहायचा, फळीसारखा.

"तुमी तितं बोललाव म्हणं," ती म्हणाली.

"हाव."

"माझा गुडगा वाकत न्हाई, भाऊ."

त्या दिवशी तिनं भाकरीचं विचारलं नाही. मी उंबऱ्यावरूनच निघालो.

आता ती नाही. बा नाही. नारूही गेला. शेवटच्या रुग्णांच्या याद्या झाल्या, अहवाल छापले गेले. त्या गावापुढं त्या वर्षी शून्य आहे. मी ऑफिसात जाऊन मूळ रजिस्टरही पाहिलं. माझंच अक्षर.

तिचं नाव चढवावं म्हणून मी तीन अर्ज दिले. पहिल्याला उत्तर आलं, नोंद उपलब्ध नाही. दुसऱ्याला उत्तर आलं नाही. तिसरा घेणारा पोरगा म्हणाला, "काका, बाई वारल्या ना? आता काय उपयोग?"

मी चौथा लिहायला घेतला आहे. त्यात विनंती नाही, कुणाचे आभार नाहीत. गाव लिहिलं आहे, बाटल्या कुठं टांगल्या होत्या ते लिहिलं आहे. बारवेत उतरू न देणाऱ्याचं नाव लिहिलं आहे. रुग्ण लपवायला सांगणाऱ्याचं नाव लिहिलं आहे. आणि लपवणाऱ्याचं, म्हणजे माझं.

हाही परत आला तर पाचवा देईन. ते शून्य मी लिहिलं आहे. ते मीच खोडणार.