जुनं जमा, मगच नवीन

आमच्या घरात नवं खोडरबर मिळवायचं असेल तर जुन्याचा मृतदेह सादर करावा लागतो. हरवलं, कुणीतरी घेतलं, बाकाखाली गेलं, असली कारणं चालत नाहीत. कपाटापाशी उभं राहायचं, जुना तुकडा तळहातावर धरायचा आणि माझे सासरे चष्मा वरखाली करून तो बघत असताना गप्प उभं राहायचं. "अजून आठवडाभर चालेल," असं ते म्हणाले की आल्या पावली परत.

सासरे यंत्रांच्या एका कारखान्यात आयुष्यभर स्टोअरकीपर होते. स्टोअरच्या खिडकीच्या आत हे आणि बाहेर कामगारांची रांग. फाटका हातमोजा दिला की नवा हातमोजा, तुटलेलं ड्रिल दिलं की नवं ड्रिल. भल्याभल्या इंजिनिअरांना आपण त्या खिडकीबाहेर कसं ताटकळत ठेवलं, हे ते अजूनही चवीनं सांगतात. मग ते निवृत्त झाले आणि खिडकी गेली. खिडकी गेलेला माणूस घरात बसला की काय होतं ते मला विचारा. आधी त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. मग साबणाच्या वड्या मोजायला लागले, तेव्हा मात्र माझ्या डोक्यात तिडीक गेली.

त्याच सुमारास थोरला शाळेत जायला लागला आणि त्यानं पहिल्याच महिन्यात खोडरबरांचा फडशा पाडला. मी हात टेकले. "बाबा, हे आता तुम्हीच बघा. मला नाही जमत," म्हणाले. मी आपली वैतागून बोलले, त्यांनी तो नेमणुकीचा हुकूम समजला. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर पॅसेजमधलं लोखंडी कपाट रिकामं होतं, माझ्या चादरींचा ढीग पलंगावर पडला होता आणि कपाटाची किल्ली सासऱ्यांच्या खिशात गेली होती. खिसा सेफ्टीपिननं बंद. ती किल्ली त्यानंतर मी हातात धरलेली नाही.

तेव्हापासून दर वर्षी सुट्टी संपत आली की ते घाऊक बाजारात जातात आणि दोरीनं बांधलेले गठ्ठे घेऊन येतात. वह्या, पेन्सिली, पट्ट्या, खाकी कागद. मग दोन-तीन दिवस घरात कुणी मोठ्यानं श्वास घ्यायचा नाही, कारण कव्हरं घालण्याचं काम सुरू असतं. डिंक नाही, चिकटपट्टी नाही, नुसत्या घड्या. कव्हर असं बसतं की वर्षअखेरीस वही फाटेल पण कव्हर हलणार नाही. इतर मुलांच्या वह्यांवर वाघ आणि रॉकेटं असतात. आमच्या थोरल्याचं दप्तर उघडलं की कोर्टाची कागदपत्रं निघाल्यासारखं वाटतं.

संध्याकाळी चहा झाला की कपाटासमोर टेबल ओढलं जातं, म्हणजे खिडकी उघडते. टेबलामागे बसले की एरवी मला 'तू' म्हणणारे सासरे 'तुम्ही'वर येतात. जुनं दिल्याशिवाय नवं नाही, या नियमाचा थोरल्यानं काय उपयोग करावा? त्याला शेंड्याला रबर असलेली पेन्सिल हवी होती. हातातली संपल्याशिवाय ती मिळणार नव्हती. म्हणून त्यानं गॅलरीत बसून अख्खी पेन्सिल शार्पनरमध्ये फिरवत फिरवत बोटाच्या पेराएवढी केली. हे जमतंय म्हटल्यावर त्यानं वस्तू मुद्दाम झिजवून नव्या घ्यायचा धंदाच मांडला. सासरे खूश. "सूनबाई, खप वाढलाय," मला म्हणाले. "पोरगं अभ्यासाला लागलं." निकाल आला आणि गणितात जेमतेम काठावर पास. सासऱ्यांनी शाळेला दोष दिला.

हे सगळं धाकटी लहानपणापासून बघत होती. इतर मुलींना बाहुली हवी असते, तिला त्या टेबलापुढे उभं राहायचं होतं. यंदा तिची शाळा सुरू होणार होती. शाळा सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी केस विंचरून, रिकामी कंपासपेटी दोन्ही हातांत धरून ती भावाच्या मागे उभी राहिली. भावाचं काम झालं. ती पुढे सरकली.

"जुनं?" सासऱ्यांनी विचारलं.

तिनं कंपासपेटी उघडून दाखवली. आत काहीच नव्हतं. शाळेत कधी गेलीच नाही त्या पोरीकडे जुनं कुठून येणार?

सासरे दुष्ट नाहीत, हे मी रागातसुद्धा मान्य करते. ते खरोखर अडचणीत आले होते. बराच वेळ कानामागे खाजवून म्हणाले, "नव्या माणसाला पहिला माल द्यायचा तर साहेबांची सही लागते."

"कोण साहेब?" मी विचारलं.

माझा नवरा या घरातला सगळ्यांत हुशार माणूस आहे. असं काही सुरू झालं की तो गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला जातो. त्या दिवशीही गेला. उरले मी.

"बाबा, पोरीला पेन्सिल द्या."

"देतो. तुम्ही या वहीत इथं सही करा."

स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलीच्या पेन्सिलीसाठी सही! मी साफ नाही म्हणाले. त्यांनी टेबल हलवलं नाही, मी जागची हलले नाही आणि पोरगी आमच्यामध्ये कंपासपेटी उघडी धरून उभी. तिचा खालचा ओठ थरथरायला लागला तेव्हा माझा ताठा गळाला. मी सही केली. सासऱ्यांनी पेन्सिल, खोडरबर, पट्टी असं एकेक तिच्या पेटीत ठेवलं. काय चेहरा फुलला होता तिचा! ती पेटी उशाशी घेऊनच झोपली.

शाळेचा पहिला दिवस. मी अर्धी रजा टाकून दुपारी तिला आणायला गेले, तर बाईंनी मला बाजूला घेतलं. शेजारी बसलेल्या मुलीकडे खोडरबर नव्हतं आणि तिनं आमच्या धाकटीकडे मागितलं. धाकटीनं तळहात पुढे करून विचारलं, "जुनं?" ती मुलगी गोंधळली, मग रडली. मग दुसऱ्या एकीनं खोडरबर मागून बघितलं. तिलाही तेच. डबा खायच्या सुट्टीपर्यंत धाकटीच्या बाकावर तिच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. "घरी काही शिस्तीचं वातावरण आहे का?" बाईंनी फार जपून विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी पोहोचून जिना चढताना धाकटी एवढंच म्हणाली, "उद्या माझ्याजवळ कुणी नाही बसणार."

त्या संध्याकाळी मी चहा केला नाही. पॅसेजमध्ये उभी राहून इतक्या वर्षांचं सगळं ओकले. खिडकी कारखान्यात राहिली, हे घर आहे, तुमच्या या नियमापायी माझी पोर पहिल्याच दिवशी एकटी पडली, असं वाट्टेल ते बोलले. उलट उत्तर येईल म्हणून मी तयारीतच होते. पण सासऱ्यांनी सेफ्टीपिन काढली, कपाट उघडलं आणि कोरी खोडरबरं मूठभर काढून धाकटीपुढे धरली.

"घे. उद्या त्या पोरींना दे."

धाकटीनं हात मागे घेतले. "त्यांच्याकडे जुनं नाहीये."

"नसू दे. असंच द्यायचं."

"असंच नसतं देत, आबा."

"अगं, मी सांगतोय ना!"

"तूच सांगितलंयस."

इंजिनिअरांना ताटकळत ठेवणारा माणूस एका चिमुरडीची मनधरणी करत होता. घे ग बाई, घे ग राणी. ती काही घेईना. थोरला दाराआडून बघत होता आणि या वेळी त्यालाही हसू आलं नाही. शेवटी सासरे गुडघ्यांवर हात देत तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"हे बघ, लहान मुलांकडे जुनं मागायचं नसतं. ते फक्त मोठ्या माणसांसाठी असतं. कळलं?"

तिनं मान हलवली. त्यांच्या मुठीतलं एक खोडरबर उचललं, उलटंपालटं करून बघितलं. तक्रार नव्हती तिच्या आवाजात, नुसती शंका होती.

"मग माझ्याकडे का मागितलंस?"

सासरे मुठीतली उरलेली खोडरबरं मोजायला लागले. इतकी वर्षं मी याच क्षणाची वाट बघत होते, आणि तो आला तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना. मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.