बहिऱ्याचा ठोका

त्सुमेबच्या तांब्याच्या खाणीत नांगोलोचं काम काय, तर दगड ऐकणं. सुरुंगाचा धूर निवळला की पहारेनं डोक्यावरचं छत ठोकत तो सगळ्यांच्या पुढे जाई. खणखणीत वाजलं तर दगड पक्का. बद्द वाजलं तर सुटलेला, त्याच्याखाली कुणी जायचं नाही. बावीस वर्षांत त्याच्या टोळीतल्या कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. सगळे त्याला ताते म्हणत, म्हणजे बाप. मुकादमही त्याच्याशी जरा बेतानं बोले.

बद्द आवाजाची गंमत अशी, की त्याचा मोहही पडायचा, कारण बद्द म्हणजे कधीकधी आत पोकळी. तांब्याच्या दगडात पाणी थेंबथेंब मुरतं, पोकळीत साचतं, आणि माणसाच्या हजारो पिढ्या उलटल्यावर तिथे गडद निळे स्फटिक उभे राहतात. अझुराइट. त्यासाठी वर गावात गोरी गिऱ्हाइकं टपलेली असत. डब्यातल्या बाजरीच्या उकडीखाली लपून किती निळाई वर गेली, त्याची गणतीच नाही.

आता खरी गोम सांगतो. नांगोलोचे कान केव्हाच गेले होते. यंत्रांच्या धडधडीनं खाल्ले. बायकोलाही त्यानं पत्ता लागू दिला नव्हता. खाणीत कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी कामावरून काढून उत्तरेच्या, गावाकडच्या गाडीत बसवलं असतं, आणि घरी खाणारी तोंडं सात. म्हणून तो ओठ वाचायचा, ठोक्याचा थरथराट तळहातानं जोखायचा आणि ‘चला’ म्हणायचा. लाज वाटायची, पण भीती तिच्यापेक्षा मोठी होती.

त्या दिवशी त्यानं पहार उचलली. ती दगडाला लागायच्या आत आतून ठोके आले. तीन. दाराबाहेर उभं राहून कुणी कडी वाजवावी इतके स्वच्छ. पोटच्या पोरीचा आवाज ज्याला दोन वर्षं ऐकू आला नव्हता, त्याला हे ऐकू आलं.

“मागे फिरा!” तो ओरडला.

त्याचा भाचा हाउफिकू पुढे झाला. त्यानं स्वतः छत ठोकलं आणि हसला. “खणखणीत आहे की, ताते! का निळा दगड एकट्यानं काढायचाय?”

बाकीचे तिघेही हसले. पुन्हा तीन ठोके आले, या वेळी अगदी कानाशी. हाउफिकू छताखाली उभा होता, दिव्याच्या उजेडात दात दिसत होते.

“मला ऐकू येत नाही रे,” नांगोलो म्हणाला. “दोन वर्षं झाली. यंत्र नाही, भोंगा नाही, तू नाहीस. आणि आत कुणीतरी ठोकतंय ते ऐकू येतंय.”

हसू जागच्या जागी विरलं. पाचही जण पळत सुटले. वळणापर्यंत पोचले, तोच मागचं छत बसलं.

धूळ खाली बसल्यावर दिवे तिकडे वळले. पडलेल्या दगडामागे एक पोकळी उघडी पडली होती, आतापर्यंत चहूबाजूंनी बंद, मुंगी शिरायलाही वाट नसलेली. आत बोटभर लांबीचे ओले निळे स्फटिक, आणि बाकी काही नाही. एरवी झुंबड उडाली असती. आज कुणी हात लावला नाही.

हाउफिकू मामाकडे बघत होता. नांगोलोची नजर त्याच्या ओठांवर होती.

“दोन वर्षं, ताते? दोन वर्षं तू ‘चला’ म्हणायचास, आणि आम्ही जायचो?”

नांगोलोला आवाज आला नाही. शब्द मात्र एकूण एक कळले.