कागद ओढणारी मशीन

माह्या हुशारीचा किस्सा सांगतो, पण पहिले कप खाली ठेवा. मागच्या वेळी ऐकणाऱ्याच्या नाकातून चहा आला होता!

मी आमच्या गावच्या मच्छीमार सोसायटीचा सचिव. मत्स्य विभागाच्या ऑफिसातून हुकूम आला: तलावाचा ठेका पुन्हा पाह्यजे, तर सगळ्या सभासदांचे दाखले स्कॅन करून ऑनलाइन टाका. तारीख चुकली की तलाव गेला! अध्यक्ष सोमाभाऊ म्हणाले, "प्रिंट, झेरॉक्स, स्कॅन, तिन्ही करते ते मशीन घ्या."

मले हसूच आलं. "भाऊ, तिन्ही करते ते एकही धड नाई करत! आपल्याले निव्वळ स्कॅनर पाह्यजे. गठ्ठा ठेवला का सुर्रकन कागद ओढते!"

आणि वरोऱ्याहून घेऊनही आलो.

शेवटच्या दिवशी सकाळी सोमाभाऊंसमोर दाखल्यांचा गठ्ठा मशीनीत सोडला. अहो, आमचे लोक दिवसभर पाण्यात! कागद हाती पडला का पहिले लॅमिनेशन. जातीचा दाखला लॅमिनेशन, रहिवासी दाखला लॅमिनेशन. एकानं तर लग्नपत्रिकाही करून ठेवली होती! मशीननं सोमाभाऊंचा लॅमिनेशनचा कडक दाखला अर्धा ओढला, घर्रर्र केलं आणि गप्प.

"सचिव, माहा दाखला!"

"काई नाई होत, भाऊ!" मी तो कसाबसा उपसून काढला. मग डोकं चालवलं. दाखल्यांच्या झेरॉक्स काढाच्या आणि त्या झेरॉक्स स्कॅन कराच्या! आहे का नाई अक्कल?

जवळच्या मोहर्लीत मायाबाईचं झेरॉक्सचं दुकान आहे. ती म्हणाली, "भाऊ, माही मशीन स्कॅनबी करते. काचेवर लॅमिनेशनही चालते. करून देऊ?"

"नाई! आमच्याकडं स्पेशल स्कॅनर आहे. फक्त झेरॉक्स द्या!"

घरी येऊन गठ्ठा लावला. सुर्र, सुर्र! काय तो वेग! सगळं चढवलं आणि ऑफिसातून फोन. "हे काळे झेरॉक्स काऊन टाकले? मूळ दाखल्याचं रंगीत स्कॅन पाह्यजे. पाचच्या आत!"

सोमाभाऊंचा चेहरा उतरला. त्यायले गाडीवर मागं बसवलं आणि पुन्हा मोहर्ली. मायाबाई एकेक दाखला काचेवर ठेवत गेली. पावणेपाचले अर्ज गेला. तलाव वाचला! सोमाभाऊंचे तर डोळे भरून आले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. शेजारच्या सोसायटीचे अध्यक्ष. त्यायलेही स्कॅन कराचं होतं. सोमाभाऊंनी मोठ्या अभिमानानं फोन माह्या हाती दिला. "आमच्या सचिवाले विचारा. मशीनीतलं लय समजते त्यायले!"

मायाबाई माह्याकडं पाहून राह्यली होती.

मी म्हटलं, "भाऊ, मशीन राहू द्या. मायाबाईचा नंबर लिहून घ्या."